देखणा म्हणायची चोरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी बारावीत शिकणारी. तक्रार मारहाणीची होती. भावानं तिचा मोबाइल हिसकावून घेतला, तेव्हा त्यात एका हिंदी नटाचे पंधरा-वीस फोटो सापडले. त्यातल्या दोन-तीन फोटोंत नटाच्या अंगात शर्ट नव्हता. एवढंच. कुणा मुलाशी बोलणं नाही, चिठ्ठीचपाटी नाही, भेटीगाठी नाहीत. पण भावानं थोबाडीत मारली, वडिलांनी कॉलेज बंद केलं आणि मामाला स्थळं बघायला सांगितलं.

आई बोलत होती आणि मुलगी आमच्या भिंतीवरचं पोस्टर वाचत बसली होती. मी आईला विचारलं, "मुलाच्या मोबाइलवर काय असतं, कधी बघितलंत का?" आई म्हणाली, "त्याच्या मोबाइलवर काय असणार ताई, असतात की नट्या. पोरगाच आहे तो."

ती माउली हे सहज बोलून गेली. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा वडिलांच्या दुकानात, गल्ल्याच्या बरोबर वर, एका नटीचं कॅलेंडर लटकत होतं. मी त्याच्याकडे बघितलं. वडील म्हणाले, "ते कंपनीनं फुकट दिलंय." तीन वेळा जाऊन बोलल्यावर मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरला गेला. स्थळांचं बोलणं सध्या थांबलं आहे. मोबाइल मात्र परत मिळालेला नाही.

ही हकीकत मी आमच्या महिन्याच्या बैठकीत सांगितली. सगळ्यांना वाईट वाटलं. मग एकीनं हळूच विचारलं, "पण नट कोणता गं?" आणि सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. हसू ओसरल्यावर एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, "बायका हुंड्यापायी जळताहेत, आणि आपण नटाच्या फोटोंवर चर्चा करायची?" तिचं म्हणणं मला टोचलं. पण त्या मुलीचं शिक्षण आणि तिचं लग्न हे दोन्ही त्या फोटोंवरूनच पणाला लागलं होतं. म्हणून हा लेख.

सुरुवात स्वतःपासून करते. 1995 साली अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया' गाण्याची चित्रफीत टीव्हीवर लागायची. त्यात लाकडी पेटीतून मिलिंद सोमण बाहेर येतो. ते गाणं लागलं की माझ्या हातातली विळी थांबायची. आमच्या सासूबाई नऊवारीतल्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणाऱ्या. एकदा त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पोरगा राजबिंडा आहे हो!" आणि लगेच दाराकडे बघितलं, सासरे ऐकत तर नाहीत ना म्हणून. सासरे ओसरीवर पेपर वाचत होते. हेच सासरे वैजयंतीमालेच्या डोळ्यांबद्दल जेवताना सर्वांदेखत बोलायचे आणि सासूबाई त्यांना पोळी वाढत ऐकून घ्यायच्या. तेव्हा त्यांना कुणाकडे बघावं लागत नसे. सासूबाईंनी दाराकडे टाकलेला तो कटाक्ष मी आज तीस वर्षांनंतरही विसरलेली नाही.

आपली भाषाच बघा. नटीच्या रूपाचं कौतुक करणारा पुरुष 'रसिक' असतो. फारच पुढे गेला तर 'आंबटशौकीन'. या शब्दातही रागापेक्षा गंमतच जास्त आहे. नटाच्या रूपाचं कौतुक करणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे कोणते शब्द आहेत? चवचाल, चहाटळ, फाजील. वयानं लहान असेल तर 'वेडी'. राजेश खन्नाच्या लोकप्रियतेचा काळ आठवा, 1969 ते 1972 चा. मुली त्याच्या गाडीला ओठांचे ठसे उमटवत, रक्तानं पत्रं लिहीत, असे किस्से आजही चवीनं सांगितले जातात. त्या मुलींची आठवण लोक काढतात ती 'काय खुळ्या होत्या' म्हणून. त्याच काळात हेलनचं नृत्य सुरू झालं की थिएटरात शिट्ट्या वाजत आणि पडद्यावर चिल्लर फेकली जाई. त्या पुरुषांना कुणी खुळं म्हटल्याचं मला आठवत नाही. त्याला 'पब्लिकची दाद' म्हणायचे.

दुसरं उदाहरण मोठ्या माणसाचं. चित्रकार एम. एफ. हुसेन, जन्म 1915, पंढरपूरचा. 1994 साली 'हम आपके हैं कौन' आला आणि ऐंशीच्या घरातले हुसेन माधुरी दीक्षितवर इतके लुब्ध झाले की तो चित्रपट त्यांनी कित्येक वेळा बघितला, तिची चित्रं काढली आणि 2000 साली तिला घेऊन 'गजगामिनी' नावाचा चित्रपटच केला. मला त्यात काही गैर वाटत नाही. एका कलावंताला एका कलावतीचं नृत्य आणि रूप आवडलं, त्यानं ते मोकळेपणानं सांगितलं. पण मी डोळ्यांपुढे एक चित्र आणून बघते. ऐंशी वर्षांची एखादी चित्रकर्ती, एका तिशीच्या आतल्या नटाचा चित्रपट कित्येक वेळा बघते, मुलाखतीत त्याच्या हसण्याचं वर्णन करते, त्याला घेऊन चित्रपट काढते. तिला आपण काय म्हटलं असतं? 'म्हातारीला चळ लागला', हेच ना? आणि खरं सांगायचं तर हे वाक्य पुरुषांच्या आधी आपल्यापैकीच कुणीतरी उच्चारलं असतं.

बाईला पुरुषाचं रूप दिसतच नाही, असं आपल्या परंपरेनं कधी मानलेलं नाही. वर निवडताना मुलगी रूप बघते, आई पैसा बघते आणि बाप विद्या बघतो, असं सांगणारं जुनं संस्कृत सुभाषित लग्नाच्या पंगतीत अजूनही ऐकू येतं. जात्यावर बसलेल्या बायकांनी रामाचं आणि विठ्ठलाचं रूप मन भरून गायलं, त्याला भक्ती म्हटलं गेलं. देवाचं रूप गायला मोकळीक आहे. माणसाचं रूप आवडलं तर मात्र दाराकडे बघावं लागतं.

आता या नाण्याची दुसरी बाजू. बाईनं पुरुषाचं रूप बघायचं नाही, आणि स्वतः मात्र सतत बघितली जाण्यासाठी तयार राहायचं. बरं, बाईचं सुंदर रूप म्हणजे काय हे ठरवणारेही पुरुषच. मराठी रंगभूमीवर एके काळी तर हे शब्दशः खरं होतं. बालगंधर्व (1888–1967) रुक्मिणी, भामिनी होऊन रंगमंचावर येत आणि घरंदाज बायका त्यांचं लुगडं नेसणं, दागिने, केसांत फुलं माळणं बघून घरी तसंच करत. बालगंधर्वांची कला थोरच होती. पण कुलीन स्त्रीला रंगमंचावर जायची बंदी होती त्या काळात बाईनं कसं दिसावं याचा धडा बाईला एका पुरुषाकडून घ्यावा लागत होता, हेही तितकंच खरं आहे.

चित्रपटात बायका आल्या, पण मोजपट्टी पुरुषांच्याच हातात राहिली. राखी 1947 ची, अमिताभ बच्चन 1942 चे. 'कभी कभी'मध्ये (1976) ती त्यांची प्रेयसी होती. 1982 साली 'शक्ति' आला आणि राखी अमिताभची आई झाली! पाच वर्षांनी लहान असलेली बाई आई, आणि पाच वर्षांनी मोठा असलेला पुरुष मुलगा. राखीनं ती भूमिका उत्तम केली, तो भाग वेगळा. पण वाढतं वय नटाला 'भारदस्त' करतं आणि नटीला 'आई' करतं, हा हिशेब यात उघडा पडतो.

वजनाचंही तसंच. ऐश्वर्या रायला नोव्हेंबर 2011 मध्ये मुलगी झाली. मे 2012 मध्ये ती कान चित्रपट महोत्सवाला गेली, तेव्हा तिच्या वाढलेल्या वजनावर देशभर चर्चा झाली. बाळंत होऊन सहा महिने झालेल्या बाईला लोक विचारत होते की तू अजून बारीक का झाली नाहीस. पुढे चार वर्षांनी, 2016 मध्ये, 'दंगल' आला. त्यासाठी आमिर खाननं वजन वाढवलं, पोट सुटू दिलं. त्याला म्हटलं गेलं 'भूमिकेसाठी केवढी मेहनत!' त्याच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण बाळाला जन्म देणं ही काय कमी मेहनत आहे? एकाचं पोट ही साधना झाली, दुसरीचं पोट हा गुन्हा ठरला.

म्हणजे रूप दोघांचंही बघितलं जातं, पण नटाच्या बाबतीत ते वरकमाई असतं. मुद्दल म्हणजे त्याचा अभिनय, त्याचं नाव. नटीच्या बाबतीत रूप हेच मुद्दल धरलं जातं आणि ते आटलं की तिचं दुकान बंद. खेळाडू बाईचीसुद्धा यातून सुटका नाही. सांगलीची स्मृती मानधना डावखुरी सलामीची फलंदाज. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारतीय महिला संघानं विश्वचषक जिंकला, त्या संघाची ती उपकर्णधार. पण तिच्या कव्हर ड्राइव्हबद्दल चार वाक्यं बोलू न शकणारे किती तरी पुरुष तिला 'नॅशनल क्रश' म्हणताना मी ऐकले आहेत. कौतुक म्हणून म्हणतात बिचारे! पण पुरुष फलंदाजाची धावसंख्या सांगायच्या आधी त्याच्या गालावरच्या खळीबद्दल कुणी बोलत नाही.

कायदा तरी दोघांना सारखा लागू होतो का? 1995 साली एका बुटाच्या जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण विवस्त्र उभे राहिले, अंगाभोवती अजगर. अश्लीलतेचा खटला दोघांवरही झाला आणि 2009 साली दोघंही निर्दोष सुटले. कोर्टात तरी समानता होती. पण आमच्या वाडीतल्या नळावर चर्चा झाली ती एकट्या मधूच्या आईबापांची. मिलिंदच्या आईबापांना काय वाटलं असेल, हे कुणी विचारलं नाही.

पंचवीस वर्षांनी, 2020 च्या नोव्हेंबरमध्ये, गोव्यात जे घडलं ते त्याहून बोलकं आहे. मिलिंद सोमणनं पंचावन्नाव्या वाढदिवसाला समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो प्रसिद्ध केला. त्याच आठवड्यात पूनम पांडेनं काणकोणच्या चापोली धरणावर काढलेल्या चित्रफितीवरून गदारोळ झाला. पूनमला पोलिसांनी अटक केली, मग जामीन मिळाला. मिलिंदवर गुन्हा नोंदवला गेला, पण अटक झाली नाही. दोन्ही प्रकरणं तंतोतंत सारखी नव्हती. एक फोटो होता, दुसरी चित्रफीत; धरण ही सरकारी जागा, त्याचा मुद्दा वेगळा. तरीही लोकांच्या तोंडी काय आलं ते आठवा. त्याच्याबद्दल: 'या वयात काय शरीर कमावलंय!' तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते मी इथे लिहिणार नाही.

2022 च्या जुलैमध्ये तर कमालच झाली. रणवीर सिंगचे विवस्त्र फोटो एका अमेरिकन मासिकात आले. मुंबईत चेंबूर पोलीस ठाण्यात तक्रार गेली, गुन्हा दाखल झाला. तक्रारीत म्हटलं होतं, या फोटोंमुळे स्त्रियांच्या भावना दुखावल्या. आमच्या बैठकीत मी विचारलं, "कुणाच्या दुखावल्या गं?" एकीचाही हात वर आला नाही. मुद्दा गमतीचा नाही. पुरुषाचं शरीर बघून बाईला फक्त लाजच वाटू शकते, दुखच होऊ शकतं, आवड-नावड असं काही तिला असूच शकत नाही, हे तक्रारीत गृहीत धरलेलं होतं. आपल्या वतीनं आपली लाजसुद्धा दुसऱ्यांनीच ठरवून टाकली.

इथे आपल्याच मैत्रिणींचा एक आक्षेप येतो आणि तो मी महत्त्वाचा मानते. 1996 साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा भरली, तेव्हा आपण स्त्री संघटनांनी विरोध केला. बाईच्या शरीराचा बाजार मांडू नका, असं म्हटलं. त्या विरोधात संस्कृतिरक्षकही उतरले होते. त्यांची कारणं वेगळी, आपली वेगळी, हे लोकांना समजावताना आपली दमछाक झाली. मग आता आपण नटाच्या उघड्या छातीचं कौतुक करायचं? त्यांनी केलं ते पाप आणि आपण केलं ती मुक्ती, हा दुटप्पीपणा नाही का?

यावर मी बरेच दिवस विचार केला. मला उत्तर सापडलं ते मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात. आपल्यापैकी कितीतरी जणी त्यातून गेल्या आहेत. कांदेपोह्यांची बशी घेऊन यायचं, चालून दाखवायचं, केस किती लांब ते दाखवायचं, रंग उजळ की सावळा हे चार माणसांसमोर ठरवून घ्यायचं. तिथे आलेली माणसं मुलीकडे बघतात, पण कौतुकानं नाही. ती पारख करत असतात. पसंती-नापसंती त्यांच्या हाती असते आणि तिची किंमत मुलगी भरते. नटीच्या वजनावर, वयावर, रंगावर होणारी चर्चा ही याच बैठकीची मोठी आवृत्ती आहे. सौंदर्यस्पर्धेत तर गुणसुद्धा देतात.

सासूबाई "राजबिंडा" म्हणाल्या तेव्हा त्या मिलिंद सोमणची पारख करत नव्हत्या. त्यांच्या पसंतीवर त्याचं काम, त्याचं लग्न, त्याची अब्रू काहीच अवलंबून नव्हतं. त्यांना एक माणूस बघून बरं वाटलं आणि ते त्यांनी बोलून दाखवलं. बघणं आणि पारखणं यांतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पुरुषानं नटीकडे बघून 'सुंदर आहे' म्हणण्यालाही माझा विरोध नाही. विरोध आहे तो 'आता जाड झाली', 'आता संपली', 'हिला काय येतं, दिसण्यावरच तर मिळालं' याला. आणि हो, आपणही हे करतो. बुटक्या, टकल्या, सावळ्या नटाची टिंगल आपणही करतो. नटीच्या नाकाच्या शस्त्रक्रियेची चर्चा तर बहुतेक वेळा बायकाच जास्त रंगवतात. तेव्हा आपण कांदेपोह्यांच्या पलीकडच्या बाजूला बसलेलो असतो.

बाजार मात्र समानता फार पटकन शिकला. बायकांना गोरं करणाऱ्या क्रीमवर वर्षानुवर्षं पैसा मिळवून झाल्यावर 2005 साली पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आलं, आणि 2007 पासून शाहरुख खान त्याच्या जाहिरातीत दिसू लागला. 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'नं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. सावळ्या मुलीला स्थळ मिळायची अडचण काही त्यानं बदलली नाही. आता गावोगावी व्यायामशाळांत सतरा-अठरा वर्षांची पोरं नटासारखं पोट व्हावं म्हणून डबेच्या डबे पावडरी खातात. बायकांना जी लाज दिली ती पुरुषांनाही दिली की समता झाली, असं बाजार म्हणतो. आपल्याला ही समता नको आहे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. बायकांच्या माथी जे दोष मारता ते तुमच्यात नाहीत काय, असा त्यांचा पुरुषांना रोखठोक सवाल होता. त्यांनी बायकांना देवी ठरवलं नाही. एकाच तराजूत दोघांना घाला, एवढंच मागितलं. आपणही तेवढंच मागू या. मुलाच्या मोबाइलवर नटी चालत असेल तर मुलीच्या मोबाइलवर नट चालला पाहिजे. आणि मुलीच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून घराची अब्रू जात असेल, तर दुकानातलं कॅलेंडर आधी उतरवा.

गटांसाठी एक सुचवते. किशोरी मुलींच्या शिबिरात आपण मासिक पाळीवर बोलतो, छेडछाडीवर बोलतो, कायद्यावर बोलतो. पण मुलींना कोण आवडतं, का आवडतं, आवडणं म्हणजे काय, यावर बोलत नाही. आपल्यालाच ओशाळं वाटतं. मग हे शिक्षण त्यांना चोरून बघितलेल्या फोटोंतून मिळतं, आणि फोटो सापडले की थोबाडीत. एखादा तास यासाठी ठेवा. मुलांच्या गटातही ठेवा आणि त्यांना विचारा: तुझ्या बहिणीला एखादा नट आवडला तर तुझं नेमकं काय बिघडतं? उत्तरं ऐकून घ्या, लगेच भाषण देऊ नका.

आमच्या केंद्रात आलेली ती मुलगी परीक्षेला बसली. निकालानंतर पेढे घेऊन आली. निघताना मी तिला विचारलं, "तो नट अजून आवडतो का गं?" तिनं आधी दाराकडे बघितलं. आई बाहेर चपला घालत होती. मग ती हळूच म्हणाली, "हो."

मला तिच्या आवाजात कुजबुज नको आहे. तुमच्या गटात यावर बोलणं झालं तर काय झालं ते जरूर कळवा, विरोधी मत असेल तर तेही.